गाडीचीही मात्रा असते

पॅरासिटामॉलची एक गोळी ताप उतरवते. त्याच गोळ्या एका दिवसात वीस घेतल्या तर यकृत निकामी होऊ शकतं. गोळी तीच, कंपनी तीच, पाकीटही तेच. बदलली ती मात्रा. औषधशास्त्राच्या अगदी सुरुवातीला शिकवला जाणारा हा धडा प्रवासी गाड्यांनाही लागू पडतो. त्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतली पंधरा आसनी व्हॅन.

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेने, म्हणजे ‘एनएचटीएसए’ने, या व्हॅनबद्दल नागरिकांना जाहीर इशारा दिला. संस्थेने अपघातांच्या नोंदी तपासताना एक साधी गोष्ट केली होती. अपघाताच्या वेळी गाडीत किती माणसं होती, यावरून त्या नोंदी वेगळ्या काढल्या. दुसऱ्या कुठल्याही वाहनाशी टक्कर न होता झालेल्या अपघातांत, दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेली व्हॅन उलटण्याचं प्रमाण हलक्या भाराच्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट निघालं. गाडी तीच होती, रस्तेही तेच. वाढली होती ती माणसांची संख्या. वैद्यकशास्त्रात याला मात्रा आणि परिणाम यांचं नातं म्हणतात. हा इशारा पुढच्या काही वर्षांत संस्थेला पुन्हा पुन्हा द्यावा लागला.

आरोग्याच्या सदरात गाडीचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. एखाद्या साथीच्या रोगाने इतके बळी घेतले असते, तर आपण रोज त्याचीच चर्चा केली असती. शिवाय सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मोठ्या प्रवासी गाडीचा अपघात वेगळा असतो. एका दुचाकीवरून एक किंवा दोन जखमी येतात. एका व्हॅनमधून दहा-बारा जण एकाच वेळी येतात आणि बहुतेक वेळा ते एकाच घरातले असतात. कुणाच्या मानेला मार, कुणाच्या डोक्याला, कुणाचं पोट फुगत चाललेलं. आधी कुणाकडे पाहायचं, हा निर्णय त्या क्षणी करावा लागतो. शस्त्रक्रियागृह एक असतं, रक्तपेढीत साठा मोजका असतो आणि बाहेर उभे असलेले नातेवाईक एकाच वेळी चार-चार जणांची चौकशी करत असतात.

अपघाताकडे आजार म्हणून पाहायला शिकवलं तेही एका डॉक्टरनेच. अमेरिकेत १९६६ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी पहिल्यांदा केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी विल्यम हॅडन या सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टरची नेमणूक झाली. अपघाताचे तीन टप्पे करा, असं हॅडन सांगत. आधीचा, प्रत्यक्ष अपघाताचा आणि नंतरचा. प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन आणि परिसर यांपैकी कुठे हस्तक्षेप करता येईल ते शोधा. मलेरियात जसे आपण माणूस, डास आणि साचलेलं पाणी असे तिन्ही पाहतो, तसंच हे. ‘नशिबात होतं’ या वाक्याला त्या मांडणीत जागा नाही.

मालाच्या गाडीत माणसं

पंधरा आसनी व्हॅनचं मूळ मालवाहू व्हॅनमध्ये आहे. अमेरिकी कंपन्यांनी मालवाहू गाडीच्या सांगाड्यात आसनांच्या रांगा बसवल्या. त्यांपैकी अनेक मॉडेलांत चाकांमधलं अंतर न वाढवता मागच्या चाकांच्या मागचा भागच लांबवला आणि तिथे शेवटची रांग आली. म्हणजे तीन-चार माणसं मागच्या आसाच्याही मागे बसू लागली.

ही गाडी लोकप्रिय होण्याचं कारण आर्थिक आणि कायदेशीर होतं. अमेरिकेत चालकासह सोळा किंवा अधिक माणसांची गाडी चालवायला खास व्यावसायिक परवाना लागतो. पंधरा आसनी गाडी त्या रेषेच्या एका पायरीने खाली राहते. त्यामुळे साध्या परवान्यावर ती कुणीही चालवू शकतं. चर्चचे गट, महाविद्यालयांचे संघ, शेतमजुरांना नेणारे मुकादम, पाळणाघरं, सगळ्यांनी ती घेतली. आज अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील, सोबत दोन-तीन कुटुंबं, असा आपल्याकडच्या मंडळींचा गट नायगरा पाहायला निघतो, तेव्हाही हीच गाडी भाड्याने घेतली जाते आणि एरवी छोटी मोटार चालवणारा मुलगा किंवा जावई चालकाच्या जागेवर बसतो.

आता हिशेब करू. सरासरी ६५ किलोची पंधरा माणसं म्हणजे ९७५ किलो. प्रत्येकी दहा किलोची बॅग धरली तर आणखी दीडशे. म्हणजे गाडीत सव्वाअकराशे किलो भर पडली, जवळजवळ एका लहान मोटारीच्या वजनाइतकी. हे वजन तळाशी नसतं. बसलेल्या माणसाचं धड आसनाच्या वर असतं, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. शेवटची रांग मागच्या आसाच्या मागे असल्यामुळे तो मागेही सरकतो. टपावर बॅगा बांधल्या की आणखी वर.

गाडी उलटण्याची शक्यता मोजण्याचं एक सोपं सूत्र आहे. डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी स्थिर. साध्या मोटारींचं उत्तर साधारण १.३० ते १.५० येतं. उंच गाड्या, व्हॅन आणि पिकअप यांचं १.०० ते १.३० च्या दरम्यान. सूत्रातला वरचा आकडा कारखान्यात ठरतो आणि नंतर बदलत नाही. खालचा आकडा मात्र प्रत्येक प्रवासात बदलतो आणि तो आपण बदलतो. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतलेली बाई आणि डोक्यावर घेतलेली बाई यांच्या चालण्यातला फरक आठवा. डोक्यावर कळशी असेल तर ती झटकन वळत नाही. भरलेल्या व्हॅनच्या चालकाला ही जाणीव नसते, कारण सुकाणू हातात तेवढंच हलकं लागतं.

वजन मागे गेल्याचा परिणाम वळणावर दिसतो. समोर अचानक कुत्रं आलं, चालकाने झटका देऊन गाडी वळवली, की मागचा भाग बाहेर फेकला जातो. घाबरून तो उलट दिशेला तितकाच झटका देतो. दुसऱ्या झटक्यात गाडी कलंडते. त्यात मागचा टायर फाटला तर सावरायला वेळच उरत नाही. २००१ मध्ये टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिना इथे झालेल्या दोन अपघातांचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एकत्रित तपास केला. दोन्ही व्हॅन माणसांनी भरलेल्या होत्या, दोन्हींचा मागचा टायर निकामी झाला आणि दोन्ही उलटल्या.

ताऱ्यांत काय असतं

गाडी घेताना हल्ली लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘किती तारे आहेत?’ प्रश्न चांगला आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस ठरावीक वेगाने गाडी भिंतीवर आदळून तिचे निकाल लोकांसमोर मांडायला सुरुवात झाली. गाडी उलटण्याच्या धोक्याचे तारे २००१ च्या मॉडेलांपासून आले. त्यात एका ताऱ्याचा अर्थ असा, की ही गाडी एकटीच अपघातात सापडली तर ती उलटण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त. पाच तारे म्हणजे १० टक्क्यांहून कमी. कंपन्यांना लाज वाटेल असा निकाल जाहीर झाला की पुढचं मॉडेल सुधारतं, हा अनुभव जगभर आला आहे.

पण रक्ततपासणीचा अहवाल वाचताना जशी त्याची मर्यादा माहीत असावी लागते, तशी ताऱ्यांचीही. पहिली मर्यादा, तारे नव्या गाडीला दिलेले असतात. झिजलेला टायर, गंजलेला ब्रेक यांना तारे नसतात. दुसरी, समोरून आदळण्याच्या चाचणीतले तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तुलना करण्यासाठी असतात. पाच ताऱ्यांची छोटी गाडी आणि चार ताऱ्यांची अवजड गाडी समोरासमोर आली तर कोण वाचेल, हे त्यावरून कळत नाही. तिसरी मर्यादा आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची. उलटण्याच्या ताऱ्यांसाठी वर सांगितलेल्या सूत्राचं मोजमाप हलक्या भाराच्या गाडीवर होतं. म्हणजे कमी मात्रेतल्या औषधाची चाचणी करायची आणि रुग्णाने ते तिप्पट घ्यायचं, असा प्रकार होतो. व्हॅन घेतलीच जाते ती भरण्यासाठी.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. २००५ च्या कायद्याने अमेरिकी संसदेने या मोठ्या व्हॅनही उलटण्याच्या तारांकनात आणायला सांगितलं आणि शालेय मुलांच्या वाहतुकीसाठी त्यांच्या वापरावर आणखी बंधनं घातली. गाडी घसरू लागताच एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून तिला सरळ ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आधी काही कंपन्यांनी बसवली. नंतर २०१२ च्या मॉडेलांपर्यंत ती सगळ्या हलक्या वाहनांना सक्तीची झाली. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरसारखंच तिचं काम असतं. चालकाला कळण्याआधी तिला कळतं. मात्र रबर झिजलेलं असेल तर ती यंत्रणाही ब्रेक लावून लावणार कुठे?

तक्रार म्हणजे लक्षण

नवं औषध बाजारात येण्याआधी काही हजार लोकांवर त्याची चाचणी होते. पण दहा हजारांत एकाला होणारा दुष्परिणाम त्या चाचणीत बहुधा दिसत नाही. तो दिसतो औषध लाखो लोक घेऊ लागल्यावर. म्हणून बाजारात आलेल्या औषधावरही नजर ठेवली जाते. भारतात त्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्यात डॉक्टरांनी आणि रुग्णांनी दुष्परिणाम कळवायचे असतात. वाहनांच्या बाबतीत हेच काम मालकांच्या तक्रारी करतात. तारे म्हणजे बाजारात येण्याआधीची चाचणी आणि तक्रारी म्हणजे नंतरची पाळत.

फोर्डच्या ‘ट्रान्झिट’ या मोठ्या व्हॅनचं उदाहरण पाहा. जून २०१७ मध्ये कंपनीने २०१५ ते २०१७ या मॉडेलांच्या उत्तर अमेरिकेतल्या सुमारे चार लाख गाड्या परत बोलावल्या. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला एक लवचीक जोड असतो. काही हजार किलोमीटरनंतर त्याला तडे जाऊन दांडा निसटण्याचा धोका होता. तसं झालं तर धावत्या गाडीची ताकद जाते, उभी गाडी घरंगळू शकते, ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्यांना इजा होऊ शकते. कायमची दुरुस्ती तयार होईपर्यंत तीस हजार मैल, म्हणजे साधारण ४८ हजार किलोमीटर झालेल्या गाड्यांचा तो जोड बदलून घ्या, असं कंपनीने सांगितलं. हा दोष भिंतीवर आदळून पाहण्याच्या चाचणीत सापडणं शक्यच नव्हतं. चाचणीतली गाडी ४८ हजार किलोमीटर चाललेली नसते. तो मालकाच्या अंगणातच उघड होतो. आधी हलका थरथराट, मग खालून आवाज आणि मग एक दिवस गाडी जागेवर.

तक्रारी एकत्र पाहिल्या तरच रोग दिसतो, हे त्याआधी टायरच्या एका प्रकरणात सिद्ध झालं होतं. फोर्डच्या ‘एक्सप्लोरर’ या उंच गाडीवरचे फायरस्टोन कंपनीचे टायर धावताना फाटत आणि गाडी उलटे. १९९८ मध्ये एका विमा कंपनीतल्या संशोधकाने अशा २१ घटना एकत्र करून सरकारी संस्थेला कळवल्या. तेव्हा फारसं काही हललं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्राने हा विषय दाखवला आणि ‘आमच्याकडेही असंच झालं’ म्हणणाऱ्यांची रीघ लागली. मे महिन्यात चौकशी सुरू झाली. ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत घ्यावे लागले. शेवटी या टायरशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या २७१ वर गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या कायद्याने कंपन्यांवर दोषांची माहिती लवकर कळवण्याचं बंधन आलं. पहिल्या २१ नोंदी आणि परत बोलावणं यांच्या दरम्यान दोन वर्षं गेली. डॉक्टर म्हणून मला या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

तक्रारी वाचण्यातही काळजी हवी. एखाद्या मॉडेलच्या हजार तक्रारी आहेत म्हणून ते वाईट आणि दुसऱ्याच्या शंभरच आहेत म्हणून ते चांगलं, असं होत नाही. पहिल्याच्या दहा लाख गाड्या रस्त्यावर असतील आणि दुसऱ्याच्या वीस हजार. साथरोगशास्त्रात आम्ही नेहमी विचारतो, ‘किती जणांपैकी किती?’ शिवाय वातानुकूलन नीट चालत नाही ही तक्रार आणि ब्रेक दाबल्यावर पाय तळाला जातो ही तक्रार एकाच यादीत असते. म्हणून संख्या पाहू नका, नमुना पाहा. वेगवेगळ्या गावांतले, एकमेकांना न ओळखणारे लोक एकच लक्षण एकाच क्रमाने सांगत असतील आणि ते ब्रेक, सुकाणू, टायर, इंधन किंवा सीटबेल्ट यांच्याशी संबंधित असेल, तर ते गंभीर आहे.

टायर आणि पट्टा

भरलेल्या व्हॅनचं टायर हे सर्वांत कमकुवत अंग. २००५ मध्ये एनएचटीएसएने केलेल्या पाहणीत पंधरा आसनी व्हॅनपैकी ७४ टक्के गाड्यांच्या टायरमध्ये हवेचा दाब बराच चुकीचा आढळला. साध्या मोटारींत हे प्रमाण ३९ टक्के होतं. कमी हवेचा टायर भाराखाली जास्त दबतो, तापतो आणि उन्हाळ्यात फाटतो.

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात १२ जानेवारी २००८ रोजी बाथर्स्ट हायस्कूलचा बास्केटबॉल संघ सामना खेळून रात्री अशाच व्हॅनने परतत होता. बर्फाळ रस्त्यावर गाडी घसरली आणि समोरच्या ट्रकवर आदळली. सात विद्यार्थी आणि प्रशिक्षकांची पत्नी असे आठ जण गेले. तपासात टायर झिजलेले आढळले. त्या अवस्थेत गाडी सुरक्षा तपासणीत उत्तीर्ण झाली नसती. गेलेल्या मुलांच्या आयांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि प्रांताने विद्यार्थ्यांसाठी या व्हॅनचा वापर बंद केला. त्याआधी, ऑगस्ट १९९९ मध्ये, कॅलिफोर्नियात टोमॅटोच्या शेतावरून परतणारे तेरा मजूर एका व्हॅनमध्ये मरण पावले होते. त्या गाडीतली मूळ आसनं काढून बाकं बसवली होती आणि बाकांना पट्टे नव्हते. त्यानंतर त्या राज्याने शेतमजुरांच्या गाड्यांत सीटबेल्ट सक्तीचे केले.

पट्ट्याचं महत्त्व उलटणाऱ्या गाडीत सर्वांत जास्त असतं. गाडी कोलांट्या घेते तेव्हा पट्टा न लावलेला माणूस आत आपटत राहतो किंवा खिडकीतून बाहेर फेकला जातो आणि गाडीखाली सापडतो. डोकं आणि मान यांच्या सर्वांत वाईट जखमा यातून होतात. एनएचटीएसएच्या नोंदींनुसार पंधरा आसनी व्हॅन एकटीच उलटून झालेल्या जीवघेण्या अपघातांतही पट्टा बांधलेल्यांपैकी ९२ टक्के वाचले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर आत मोकळा बसलेला माणूस जवळजवळ १४ मीटरवरून, म्हणजे चार मजल्यांवरून पडल्यासारखा समोर आदळतो. मागच्या रांगेतला असा माणूस पुढच्या रांगेतल्या पट्टा लावलेल्या माणसालाही मारू शकतो. भारतात २०२२ मध्ये सीटबेल्ट न लावलेल्या १६ हजार ७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यातले जवळजवळ निम्मे प्रवासी होते.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे या गाडीची जागा टेम्पो ट्रॅव्हलर आणि तशा मोठ्या गाड्यांनी घेतली आहे. अष्टविनायक, लग्नाचं वऱ्हाड, कंपनीची सहल, शाळेची ने-आण, सगळीकडे त्या दिसतात. ‘भारत एनकॅप’ ही आपली तारांकन योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. ती स्वागतार्हच आहे. पण ती ऐच्छिक आहे आणि चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनं असलेल्या, साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे बारा, चौदा, सतरा आसनांची गाडी या ताऱ्यांच्या कक्षेबाहेर राहते. विक्रीपूर्वीचे किमान निकष तिला पार करावेच लागतात. पण दोन गाड्यांची तुलना करता येईल असा आकडा प्रवाशाच्या हाती येत नाही. छोट्या व्हॅनचं चित्रही फार चांगलं नव्हतं. मे २०१६ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने तपासलेल्या, एअरबॅग नसलेल्या मारुती ईकोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते.

तारे नसतील तिथे तक्रारींचं मोल वाढतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत वार्षिक विक्रीच्या तुलनेत किती तक्रारी आल्या म्हणजे कारवाई सुरू होईल, हे ठरवून दिलं आहे. याचा सरळ अर्थ असा, की मेकॅनिकला सांगितलेली, चहाच्या टपरीवर बोललेली तक्रार या हिशेबात धरली जात नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवलेलीच धरली जाते. गाडीचा मालक ती नोंदवू शकतो. प्रवाशाने काय करायचं? गाडीत दोष जाणवला तर मालकाला लेखी कळवायचं आणि जास्त माणसं भरणं, तुटलेले पट्टे, गुळगुळीत टायर अशा बाबी आरटीओकडे न्यायच्या.

निघण्यापूर्वी दहा मिनिटं

गाडी भाड्याने ठरवताना आपण दर, एसी आणि पुश-बॅक आसनं विचारतो. आणखी काही गोष्टी पाहायला दहा मिनिटं पुरतात.

माणसं मोजा. आरसी बुकावर जितकी आसनं आहेत, त्याहून एकही जास्त नको. दोन मुलांना एक आसन, बाळ मांडीवर, मधल्या वाटेत स्टूल, हे प्रकार नकोत. धडकेच्या क्षणी मांडीवरचं मूल कुणालाही धरून ठेवता येत नाही. शक्य असेल तर सोळा जणांसाठी एक भरलेली गाडी घेण्याऐवजी दोन गाड्या घ्या.

गाडी पूर्ण भरलेली नसेल तर पुढच्या रांगांत बसा, शेवटची रांग रिकामी ठेवा. टपावर सामान टाकू नका. बॅगा आत, खाली आणि जमेल तितक्या मागच्या चाकांच्या पुढे ठेवा.

चारही टायर आणि स्टेपनी पाहा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. वरून नवा दिसणारा पण जुना झालेला टायर भरल्या गाडीला नको. हवा दिलेल्या दाबाप्रमाणे आणि टायर थंड असताना भरलेली हवी.

प्रत्येक आसनाला पट्टा आहे का, तो लागतो का, हे ओढून पाहा. आसनावरच्या कव्हरखाली पट्टे गाडून टाकलेले असतात, ते बाहेर काढायला सांगा. फक्त कमरेचा पट्टा असेल तर तो पोटावर नको, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर बसवा. पोटावर राहिलेला पट्टा धक्क्यात आतड्यांना इजा करू शकतो. गरोदर महिलांनी पट्टा पोटाच्या खालून घ्यावा, टाळू नये.

आणि चालकाशी बोला. काल रात्री तो किती झोपला, ही गाडी त्याने भरलेली असताना याआधी चालवली आहे का, हे विचारा. परदेशात स्वतः चालवणार असाल तर गाडी घेतल्यावर आधी मोकळ्या जागेत वळवून, थांबवून पाहा. वेग कमी ठेवा आणि सुकाणूला झटका देऊ नका. उशीर झाला म्हणून चालकावर वेगाचा दबाव टाकणारे बहुतेक वेळा आपणच असतो. देवळाची वेळ, मुहूर्त, विमान, काहीही असलं तरी पंधरा जणांच्या गाडीत घाई करू नका.

यातलं काहीही खर्चिक नाही. गाडीमालक कुरकुर करील, घरातली वडीलधारी माणसं ‘इतकी वर्षं असंच जातो की’ म्हणतील. तरीही पुढच्या सहलीला गाडी दारात आली की आधी टायर पाहा, मग पट्टे, मग माणसं मोजा. आणि काही बिघाड दिसलाच, तर परत आल्यावर विसरून न जाता त्याची नोंद करा. त्याच गाडीने उद्या दुसरं एखादं कुटुंब जाणार असतं.